गोगलगाय, तिच्या चेतापेशी आणि रासायनिक निरोप

'गोगलगाय आणि पोटात पाय' ही म्हण तुम्ही ऐकली असेलच. वरवर गरीब दिसणाऱ्या पण आतून पक्क्या असलेल्या माणसाला उद्देशून ती वापरतात. ही म्हण ज्या कोणी प्रथम उच्चारली, त्याने गोगलगाय नीट न्याहाळली होती यात शंका नाही. प्राणिशास्त्रज्ञांनी या प्राण्यांच्या वर्गाला जे नाव दिले आहे, ते आहे 'उदरपाद', म्हणजे ज्याचे पोट हेच पाऊल आहे असा प्राणी. म्हण आणि शास्त्र यांचे इतके एकमत क्वचितच आढळते.

पहिला पाऊस पडून गेला की बुलढाणा जिल्ह्यात घाटावर चिखली-मेहकरकडे काय, किंवा घाटाखाली मलकापूर-नांदुऱ्याकडे काय, बांधावरच्या ओल्या दगडांखाली आणि विहिरीच्या काठाला गोगलगायी दिसू लागतात. पैनगंगेच्या व पूर्णेच्या संथ पाण्यात शिंपले सापडतात. गोगलगाय, शिंपला, समुद्रातील माकूल, माखली आणि अष्टपाद हे सारे एकाच मोठ्या कुळातील, म्हणजे मृदुकाय संघातील प्राणी होत.

गोगलगायीच्या शिंगाला हलकेच बोट लावा. शिंग चटकन आत जाते. थोड्या वेळाने ते हळूहळू बाहेर येते. पुन्हा बोट लावा, पुन्हा आत. पण असे दहा-बारा वेळा केले, तर ती फारशी दाद देईनाशी होते. आता विचार करा. बोट लागले हे तिला कसे कळले? शिंग आत ओढण्याचा हुकूम कोणी दिला? आणि 'हे बोट काही इजा करत नाही' हे ती कशी शिकली? या तीन प्रश्नांची उत्तरे शोधताना शास्त्रज्ञांच्या हाती जे लागले, ते तुमच्या-आमच्या मेंदूलाही जसेच्या तसे लागू पडते. या लेखात आपण तेच समजून घेणार आहोत.

मेंदू लहान, पेशी मोठ्या

आपल्या मेंदूसारखा एकसंध मेंदू गोगलगायीला नसतो. तिच्या चेतापेशी लहान लहान गाठींमध्ये गोळा झालेल्या असतात. या गाठींना चेतागुच्छिका म्हणतात. बहुतेक गुच्छिका अन्ननलिकेभोवती कड्यासारख्या गुंफलेल्या असतात. म्हणजे गोगलगायीचा प्रत्येक घास तिच्या 'मेंदू'च्या मधोमध जातो असे म्हटले तरी चालेल!

माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. 'समुद्रससा' नावाच्या कवच जवळजवळ नाहीशा झालेल्या सागरी गोगलगायीत त्या फक्त २०,००० च्या आसपास असतात. एखाद्या तालुक्याच्या गावात जितकी माणसे, तितक्याच तिच्या चेतापेशी. दुसरी सोय अशी की या पेशी आकाराने मोठ्या असतात. समुद्रसशातील सर्वांत मोठ्या पेशीचा व्यास १ मिलिमीटरपर्यंत भरतो, म्हणजे ती नुसत्या डोळ्यांनी दिसते. शिवाय त्यांतील अनेक पेशी प्रत्येक प्राण्यात ठरलेल्या जागीच सापडतात. त्यामुळे शास्त्रज्ञांनी त्यांना क्रमांक दिले आहेत. वर्गातील मुलांना हजेरीपटावर क्रमांक असतात तसेच हे. 'उजवीकडची अमुक क्रमांकाची पेशी' असे एका शास्त्रज्ञाने लिहिले की जगाच्या दुसऱ्या टोकाचा शास्त्रज्ञ नेमकी तीच पेशी शोधून काढू शकतो. तुमच्या-माझ्या मेंदूत असे करणे शक्य नाही.

कोकणच्या बाजारात जो माकूल विकला जातो, त्याच्या जातभाईंनीही चेताशास्त्राची मोठी सेवा केली आहे. त्यांच्या शरीरात एक अतिशय जाड चेतातंतू असतो. १९३६ मध्ये जे. झेड. यंग या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने त्याकडे लक्ष वेधले. पुढे हॉजकिन आणि हक्स्ली यांनी त्याच तंतूत सूक्ष्म विद्युत्-अग्रे घालून चेतातंतूतून विजेची लहर कशी धावते हे मोजले आणि १९५२ मध्ये त्याचे गणित मांडले. त्यांना १९६३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

वीज कोठे थांबते, रसायन कोठे सुरू होते?

प्रत्येक चेतापेशी म्हणजे एक इवलीशी विद्युत्-घटमाला होय. तिच्या पटलाच्या आतील बाजू बाहेरच्या मानाने ऋणभारित असते. गोगलगायीच्या पेशीत हा फरक साधारणपणे ५० ते ६० मिलिव्होल्ट असतो. पटलात प्रथिनांची लहान लहान दारे असतात. काही दारांतून सोडियम आयन जातात, काहींतून पोटॅशियम, काहींतून क्लोराइड, तर काहींतून कॅल्शियम. पेशी पुरेशी उत्तेजित झाली की धनभारित आयन झपाट्याने आत शिरतात, विभव क्षणभर उलटा होतो आणि ही उलथापालथ तंतूच्या टोकापर्यंत धावत जाते. हाच चेता-आवेग.

पण तंतूच्या टोकाला पोचल्यावर अडचण येते. पुढची पेशी त्याला बहुतेक ठिकाणी चिकटलेली नसते. दोहोंमध्ये सुमारे २० नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरच्या पन्नास हजाराव्या भागाएवढी फट असते. या जागेला चेतासंधी म्हणतात. रस्ता नदीपर्यंत आला आणि पूल नाही, असा हा प्रकार. मग पलीकडे जायचे कसे?

नावेने. तंतूच्या टोकात बारीक बारीक पिशव्या भरलेल्या असतात. आवेग टोकाला पोचताच तेथील कॅल्शियमची दारे उघडतात, कॅल्शियम आत येते आणि त्यामुळे या पिशव्या पटलाला चिकटून फुटतात. त्यांतील रसायन फटीत सांडते, पलीकडच्या काठाला पोचते आणि तेथे बसलेल्या विशिष्ट प्रथिनांना जाऊन जुळते. या प्रथिनांना ग्राही म्हणतात आणि निरोप नेणाऱ्या रसायनाला चेतापारेषक म्हणतात. कुलपात किल्ली बसावी तसे चेतापारेषक ग्राहीत बसते आणि पुढच्या पेशीची दारे उघडतात किंवा मिटतात. काम झाले की हे रसायन फटीतून हटवणेही तितकेच आवश्यक असते. काही वेळा विकर त्याचे तुकडे करतो, तर काही वेळा पहिली पेशीच ते परत शोषून घेते. हटवणे का आवश्यक, हे पुढे येईलच.

बेडकाचे हृदय आणि शिंपल्याचे हृदय

निरोप रसायनाने जातो, ही गोष्ट पूर्वी सर्वांना मान्य नव्हती. १९२१ मध्ये ऑटो लोएवी यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी बेडकांची दोन हृदये क्षारद्रावणात धडधडत ठेवली. पहिल्या हृदयाला जाणारी चेता उत्तेजित करून त्याची गती मंद केली आणि त्याच्या भोवतीचे द्रावण दुसऱ्या हृदयाला दिले. दुसऱ्याच्या चेतेला हातही लावला नव्हता, तरी तेही मंदावले! म्हणजे चेतेतून काहीतरी द्रावणात आले होते. ते 'काहीतरी' म्हणजे अॅसिटिलकोलीन. लोएवी आणि हेन्री डेल यांना १९३६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

शिंपल्याचे हृदय यापुढची गोष्ट सांगते. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात जॉन वेल्श हे एका सागरी शिंपल्याच्या हृदयावर प्रयोग करीत. हे हृदय अॅसिटिलकोलीनला अतिशय संवेदनशील असते. चिमूटभर काय, चिमटीच्या लक्षांशाहूनही कमी अॅसिटिलकोलीन मिळाले तरी ते मंदावते. मग याच हृदयाला जोर कशाने येतो? तो सेरोटोनिन नावाच्या रसायनाने येतो, असे वेल्श यांना आढळले.

वेल्श यांची विद्यार्थिनी बेटी ट्वारोग ही दुसऱ्या एका शिंपल्याच्या स्नायूचा अभ्यास करीत होती. हा स्नायू एकदा आवळला की फार ऊर्जा खर्च न करता दीर्घकाळ तसाच आवळून राहतो. अॅसिटिलकोलीन त्याला आवळते आणि सेरोटोनिन त्याची पकड सोडवते, असे तिला दिसले. सेरोटोनिन जर शिंपल्यात निरोप्याचे काम करते, तर ते सस्तन प्राण्यांच्या मेंदूतही का नसावे, असा प्रश्न तिच्या मनात आला. त्या काळी मेंदूतील सेरोटोनिन मोजायला सोयीचे यंत्र नव्हते. तिने मोजमापासाठी शिंपल्याचे हृदयच वापरले! मेंदूचा अर्क हृदयावर टाकायचा आणि ठोके किती वाढतात ते पाहायचे. अर्विन पेज यांच्यासह तिने १९५३ मध्ये सस्तन प्राण्यांच्या मेंदूत सेरोटोनिन असल्याचे जाहीर केले. आज नैराश्यावर दिल्या जाणाऱ्या अनेक औषधांचा संबंध या सेरोटोनिनशी आहे. त्या ज्ञानाची एक वाट शिंपल्याच्या धडधडीतून गेली आहे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

एकच चिठ्ठी, दोन अर्थ

येथे एक चूक होण्याचा संभव आहे. 'अमुक रसायन उत्तेजित करणारे आणि तमुक रसायन शांत करणारे' अशी यादी करून ती पाठ करण्याचा मोह होतो. गोगलगायींनी ही समजूत खोटी ठरवली आहे.

समुद्रसशाच्या पोटाकडील गुच्छिकेत एक चेतापेशी आहे. तिच्यापासून निघालेले तंतू अनेक पेशींकडे जातात. ही पेशी आवेग पाठवते तेव्हा काही पेशी उत्तेजित होतात आणि त्याच वेळी दुसऱ्या काही पेशी शांत होतात. दोन्हीकडे सोडले जाणारे रसायन मात्र एकच, अॅसिटिलकोलीन. मग असे का व्हावे?

उत्तर ग्राहीमध्ये आहे. एका पेशीवरील ग्राही अॅसिटिलकोलीन मिळताच सोडियमचे दार उघडतो. धनभार आत आला, पेशी उत्तेजित झाली. दुसऱ्या पेशीवरील ग्राही क्लोराइडचे दार उघडतो. ऋणभार आत आला, पेशी शांत झाली. शाळेत घंटा वाजते तेव्हा काय होते ते आठवा. घंटा एकच, पण मधल्या सुट्टीची असेल तर मुले बाहेर पळतात आणि सुट्टी संपल्याची असेल तर आत येतात. अर्थ आवाजात नाही, ऐकणाऱ्याच्या परिस्थितीत आहे. तसाच चेतापारेषकाचा परिणाम त्या रसायनात नसून ते स्वीकारणाऱ्या ग्राहीत असतो. हा नियम नीट समजला तर चेताशास्त्राचा अर्धा धडा समजला.

शेतातली शत्रू, प्रयोगशाळेतली मैत्रीण

आता आपल्या शेताकडे वळू. बुलढाणा जिल्ह्यात सोयाबीन हे खरिपाचे एक प्रमुख पीक आहे. जिल्ह्याच्या दक्षिणेला लागूनच मराठवाडा आहे. तेथे २०२२ च्या खरिपात लातूर, बीड व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या जिल्ह्यांत शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे मोठ्या प्रमाणावर फस्त केली. अनेकांना दुबार पेरणी करावी लागली. ही गोगलगाय मूळची पूर्व आफ्रिकेतील. १८४७ मध्ये बेन्सन नावाच्या इंग्रज गृहस्थाने ती कलकत्त्यात आणून सोडली आणि तेथून ती देशभर पसरत गेली. ती रात्री चरते, दिवसा लपते आणि एका वेळी शेकडो अंडी घालू शकते.

हीच गोगलगाय जपानमधील गिफू विद्यापीठात हिरोशी ताकेउची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे अभ्यासली. तिच्या गुच्छिकांतील मोठमोठ्या पेशी त्यांनी एकेक करून ओळखल्या, त्यांना नावे दिली आणि प्रत्येकीवर वेगवेगळी रसायने टाकून पाहिली. तेथेही तोच नियम दिसला. एकच डोपामीन काही पेशींना चेतवते, तर काहींना गप्प करते.

त्यांपैकी एक पेशी मोठी मजेदार आहे. ती कोणी न सांगता, आपली आपण, ठरावीक अंतराने आवेगांची माळ सोडते, थांबते, पुन्हा सोडते. हृदयाच्या नियंत्रणात तिचा वाटा आहे. १९८९ मध्ये या गोगलगायीच्या गुच्छिकांतून चार अॅमिनो आम्लांची एक छोटी साखळी वेगळी काढण्यात आली. गोगलगायीच्या शास्त्रीय नावावरून तिला 'अचाटिन-१' असे नाव पडले. हे रसायन त्या पेशीला जोरदार उत्तेजित करते.

अचाटिनचे खरे नवल पुढेच आहे. आपला उजवा हात आणि डावा हात सारखेच असतात, पण डाव्या हातमोज्यात उजवा हात बसत नाही. अॅमिनो आम्लांचेही तसेच असते. त्यांची 'डावी' आणि 'उजवी' अशी दोन रूपे होतात आणि सजीवांची प्रथिने डाव्या रूपापासून बनतात असे आपण शिकतो. अचाटिन-१ मध्ये मात्र एक आम्ल 'उजवे' आहे! तेच आम्ल डाव्या रूपात असलेली साखळीही गोगलगायीत सापडली, पण ती त्या पेशीवर टाकली असता काहीच परिणाम होत नाही. कुलूप किती काटेकोर असते, ते यावरून कळेल.

लहान साखळ्यांचे हे एकच उदाहरण नाही. १९७७ मध्ये प्राइस आणि ग्रीनबर्ग यांनी एका सागरी शिंपल्याच्या गुच्छिकांतून हृदयाला जोर आणणारी चार अॅमिनो आम्लांची साखळी शोधली. पुढे तिच्या जातीची रसायने कीटकांपासून सस्तन प्राण्यांपर्यंत आढळली.

आपल्याकडेही या विषयाचा अभ्यास झाला आहे. औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) मराठवाडा विद्यापीठात प्राणिशास्त्राचे प्राध्यापक आर. नागभूषणम् आणि त्यांचे विद्यार्थी यांनी शिंपल्यांच्या चेतागुच्छिकांतील स्रावी पेशींवर संशोधन केले. अशा पेशी आपली रसायने जवळच्या फटीत न सोडता शरीरात दूरवर जाऊ देतात आणि प्रजननासारखी सावकाश चालणारी कामे नियंत्रित करतात. पहिला प्रकार हातात चिठ्ठी देण्याचा, तर हा दवंडी पिटण्याचा.

भूक, श्वास आणि शिकणे

गोगलगायीच्या तोंडात कानशीसारखी खरखरीत जीभ असते. तिने ती पाला खरवडून खाते. जीभ बाहेर, खरवड, आत, गीळ, पुन्हा बाहेर, अशी ही लय असते. गोगलगायीच्या मेंदूत डावीकडे एक व उजवीकडे एक अशा दोन मोठ्या पेशी सेरोटोनिन सोडतात. त्यांच्यामुळे खाण्याची ही लय चालवणाऱ्या पेशी तयारीत राहतात. सेरोटोनिन येथे 'खा' असा थेट हुकूम देत नाही. हुकूम आला तर तो पाळला जाईल अशी सज्जता ते ठेवते.

तळ्यातील एका गोगलगायीचा श्वासही असाच शिकवून जातो. ती पाण्याच्या पृष्ठभागावर येऊन हवा घेते. या श्वसनाची लय तीन चेतापेशींच्या आपसांतील संवादातून निर्माण होते. १९९० मध्ये सय्यद, बुलोक आणि लुकोवियाक यांनी कॅनडात या तीन पेशी बाहेर काढून काचेच्या बशीत वाढवल्या. त्यांनी एकमेकींशी पुन्हा जोडण्या केल्या आणि योग्य चेतना मिळताच बशीतच ती लय सुरू झाली! ती सुरू करून देणारी पेशी डोपामीन वापरते.

आता सुरुवातीच्या तिसऱ्या प्रश्नाकडे येऊ. गोगलगाय शिकते कशी? एरिक कँडल यांनी यासाठी समुद्रसशाची निवड केली. त्याच्या निनालाला स्पर्श केला की तो आपला कल्ला आत ओढून घेतो. पुन्हा पुन्हा हळुवार स्पर्श केला, तर प्रतिसाद कमी होत जातो. तपासून पाहिले तेव्हा स्पर्श जाणणाऱ्या पेशी दर वेळी पूर्वीपेक्षा कमी चेतापारेषक सोडत आहेत असे दिसले. यालाच 'सवय होणे' म्हणतात.

याउलट शेपटीला विजेचा एक सौम्य झटका दिला, तर पुढच्या हलक्या स्पर्शालाही तो जोराने कल्ला आखडतो. झटक्यामुळे काही पेशी सेरोटोनिन सोडतात. सेरोटोनिन स्पर्श जाणणाऱ्या पेशीच्या टोकावरील ग्राहीला जुळते. आत एक दुसरा निरोप्या तयार होतो. त्याच्यामुळे पोटॅशियमची काही दारे मिटतात. पोटॅशियम बाहेर जायला उशीर लागतो, म्हणून आवेग लांबतो. आवेग लांबला म्हणून कॅल्शियम अधिक आत येते. कॅल्शियम अधिक आले म्हणून चेतापारेषक अधिक सांडते. ही साखळी एकदा वहीत बाणांनी काढून पाहा.

एका झटक्याची आठवण काही मिनिटे टिकते. चार-पाच झटके थोड्या थोड्या अंतराने दिले, तर ती कित्येक दिवस टिकते. तेव्हा पेशीत नवी प्रथिने तयार होतात आणि स्पर्श जाणणाऱ्या पेशीच्या जोडण्यांची संख्या जवळजवळ दुप्पट होते. म्हणजे आठवण ही शरीरात प्रत्यक्ष घडणारी बांधणी आहे. कँडल यांना कार्लसन आणि ग्रीनगार्ड यांच्यासह २००० सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. परीक्षेच्या आदल्या रात्री सगळे एकदम वाचण्यापेक्षा रोज थोडे थोडे वाचावे, हे शिक्षक सांगतात त्यामागे अशी बांधणी आहे.

निरोप पुसला नाही तर?

निरोपाचे काम झाल्यावर रसायन हटवणे आवश्यक असते, असे वर म्हटले. अॅसिटिलकोलीनचे तुकडे करणारा एक विकर चेतासंधीजवळ सतत कामावर असतो. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशके नेमकी याच विकराला बांधून टाकतात. मग अॅसिटिलकोलीन साचत जाते, ग्राही पुन्हा पुन्हा चेतवले जातात आणि स्नायू आवळून, थकून, निकामी होतात. कीटक यामुळे मरतो. पण हा विकर कीटकात आहे, गोगलगायीत आहे, बैलात आहे आणि फवारणी करणाऱ्या माणसातही आहे. रसायनाला माणूस आणि कीड यांतला फरक कळत नाही.

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना अनेक शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने दगावले. वापरल्या गेलेल्या औषधांत या गटातील औषधेही होती. हा आपल्याच विदर्भातील प्रसंग आहे, म्हणून पुढील लक्षणे प्रत्येक विद्यार्थ्याने लक्षात ठेवावीत : तोंडाला लाळ सुटणे, डोळ्यांतून पाणी, भरपूर घाम, बाहुल्या बारीक होणे, उलट्या, स्नायू फडफडणे, श्वास लागणे. असे दिसताच माणसाला शेतातून बाजूला न्यावे, भिजलेले कपडे काढावेत, अंग साबणाने व भरपूर पाण्याने धुवावे आणि औषधाचा डबा सोबत घेऊन विनाविलंब दवाखान्यात न्यावे. हे करताना आपल्या हातालाही औषध लागू देऊ नये. डॉक्टर अशा वेळी अॅट्रोपीन देतात. ते अॅसिटिलकोलीनच्या काही ग्राहींवर आधीच जाऊन बसते, त्यामुळे साचलेल्या रसायनाला तेथे जागा मिळत नाही. अॅट्रोपीन आपल्याकडील धोतऱ्यातही असते, पण धोतरा हे स्वतःच विष आहे. त्याचा घरगुती प्रयोग चुकूनही करू नये.

कीटकांवरील औषधे फवारून गोगलगायी फारशा आटोक्यात येत नाहीत. त्यांच्यासाठी मेटाल्डिहाइडच्या गोळ्या वापरतात. त्यामुळे गोगलगायीच्या अंगातून अमाप चिकट द्रव सुटतो, तिची चेतासंस्था बिघडते आणि ती मरते. पण या गोळ्या कुत्र्यांना व गुरांनाही घातक आहेत. ब्रिटनमध्ये २०२२ पासून त्यांचा उघड्यावरील वापर बंद करण्यात आला. म्हणून आधी साधे उपाय करावेत. बांध स्वच्छ ठेवावेत. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे संध्याकाळी शेतात ठेवावीत आणि सकाळी त्यांखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून गोळा कराव्यात. गोडाच्या वासाने त्या येतात, कारण तिच्या शिंगांवरील चेतापेशी तो वास गुच्छिकांपर्यंत पोचवतात. शत्रूची चेतासंस्था ओळखली तर त्याला विषाशिवायही फसवता येते.

करून पाहा

पावसाळ्यात सापडणारी एखादी लहान गोगलगाय ओल्या पाटीवर ठेवा. शंखी गोगलगाय घरी किंवा शाळेत आणू नका. गोगलगायीच्या अंगात माणसाला अपायकारक कृमी असू शकतात, म्हणून हातमोजे वापरा आणि नंतर हात साबणाने धुवा. तिच्या अंगावर मीठ टाकू नका. त्याने ती तडफडून मरते आणि आपल्याला काही नवे कळत नाही.

ओल्या मऊ कुंचल्याने एका शिंगाच्या टोकाला हलका स्पर्श करा. शिंग पुन्हा पूर्ण बाहेर यायला किती सेकंद लागतात ते मोजा. दर अर्ध्या मिनिटाने असे १५ वेळा करा आणि आलेख काढा. नंतर पाटीवर बोटाने एकदा जरा जोरात टकटक करा आणि पुन्हा हलका स्पर्श करून वेळ मोजा. अर्धा तास विश्रांती देऊन शेवटचे मोजमाप घ्या. काम झाल्यावर गोगलगाय जिथून आणली तिथेच सोडा.

विचार करा

१. पंधराव्या स्पर्शाला शिंग लवकर बाहेर आले, तर ते थकल्यामुळे की सवयीमुळे? टकटक केल्यानंतरचे मोजमाप या प्रश्नाचे उत्तर द्यायला कसे उपयोगी पडेल?

२. एका पेशीवर सेरोटोनिनचा ग्राहीच नसेल, तर तिच्याभोवती कितीही सेरोटोनिन सोडले तरी काय होईल?

३. चेतापारेषक फटीतून कधीच हटवले गेले नाही, तर पुढच्या पेशीला पहिला आणि दुसरा निरोप वेगळा ओळखता येईल का?

४. तुमच्या गावात फवारणीच्या वेळी कोणती काळजी घेतली जाते? डब्यावरील सूचना मोठ्याने वाचून दाखवण्याचे काम तुमच्या घरी कोण करते? कोणीच करत नसेल, तर येत्या हंगामापासून ते काम तुम्ही घ्या.